हिमनदी बघायची कुठून? जहाजावरून की बोटीतून?

अलास्काची सहल ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, क्रूझवर बसू, बाल्कनीत चहा घेत बर्फ बघू. दुसरा म्हणतो, एवढ्या लांब जाऊन बाल्कनीतच बसायचं? छोट्या बोटीने पार तोंडाशी जाऊ. दोन्ही पक्षांच्या हाती दारूगोळा देणाऱ्या या काही गोष्टी. यातल्या बहुतेक हिमनद्या थेट समुद्रात उतरणाऱ्या आहेत. त्यांचं टोक खाऱ्या पाण्यात असतं, म्हणून तर तिथवर जहाज किंवा बोट नेता येते.

१. हा वाद १४० वर्षांचा आहे

निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर १८७९ साली ग्लेशियर बे या खाडीत शिरले ते लाकडी होडीतून. वल्ही मारायला आणि वाट दाखवायला स्थानिक टलिंगिट माणसं होती. म्यूरनी या बर्फाबद्दल इतकं लिहिलं की लोकांना तो बघायची ओढ लागली. अवघ्या चार वर्षांत, १८८३ मध्ये, कॅप्टन जेम्स कॅरल यांनी ‘आयडाहो’ ही आगबोट प्रवाशांसकट खाडीत घातली. प्रवाशांमध्ये एलायझा सिडमोर ही पत्रकार होती. तिने १८८५ साली अलास्कावर पुस्तक काढलं आणि पर्यटकांची रीघ सुरू झाली. म्हणजे आधी होडी, मग जहाज. तेव्हापासून दोघांची चढाओढ चालू आहे.

२. ज्या हिमनदीने धंदा सुरू केला, ती जहाजावरून दिसतच नाही

त्या काळातलं मुख्य आकर्षण होतं म्यूर हिमनदी. प्रवासी किनाऱ्यावर उतरून चक्क बर्फावर फिरून यायचे. १८९९ च्या भूकंपात तिचा कडा इतका फुटला की खाडी हिमनगांनी भरून गेली आणि जहाजांना जवळ जाता येईना. पुढे ती मागे मागे सरकत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिने समुद्राची साथच सोडली. आता क्रूझवाले तिच्याकडे फिरकत नाहीत. ते वळतात पश्चिमेच्या फाट्याला, मार्जरी हिमनदीकडे.

३. आधी तर खाडीच नव्हती

१७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतली माणसं इथे आली. मोठी जहाजं बाहेर ठेवून जोसेफ व्हिडबी छोट्या बोटींनी किनारा मोजत होते. आज जिथे खाडी आहे तिथे त्यांना बर्फाची भिंत दिसली आणि तिला पाण्याची जेमतेम एक खाच. म्यूर आले तोवर हा बर्फ ६० किलोमीटरहून जास्त मागे गेला होता आणि १९१६ पर्यंत सुमारे १०० किलोमीटर. म्हणजे क्रूझचं जहाज आज सकाळी ज्या पाण्यातून जातं, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी शेकडो मीटर जाड बर्फ होता.

त्याही आधी इथे हूना टलिंगिट लोकांची वस्ती होती. पुढे आलेल्या हिमनदीने त्यांना हुसकावून लावलं. २०१६ मध्ये खाडीतल्याच बार्टलेट कोव्ह इथे त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. क्रूझचं जहाज तिथे थांबत नाही. ते घर बघायचं तर बोटवाल्यांच्या पक्षात जावं लागतं.

४. दिवसाला दोनच

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजं सोडतात. तरीही या उद्यानात येणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक लोक क्रूझनेच येतात, कारण इथवर गाडीरस्ता नाही. म्हणून तिकीट काढताना कंपनीला नेमकं विचारायचं: ‘ग्लेशियर बे आहे का, की दुसरीच हिमनदी?’ जाहिरातीत बर्फाचा फोटो सगळ्यांचाच असतो, परवाना सगळ्यांकडे नसतो.

५. मोठ्या जहाजालाही छोट्या बोटीची गरज पडते

खाडीच्या तोंडाशी उद्यानाची एक छोटी बोट येऊन चालत्या जहाजाला बिलगते. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, दोरीची शिडी खाली येते आणि डोक्यावर टोपी घातलेले रेंजर ती चढून आत येतात. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावरून तेच सांगतात, उजवीकडे काय, डावीकडे काय, ते पांढरे ठिपके बर्फ आहेत की रानबकऱ्या. संध्याकाळी त्याच शिडीने उतरून जातात. फुकटात इतका जाणता गाइड मिळणं हा क्रूझवाल्यांचा मोठाच फायदा. मात्र रेंजर आले त्या वेळी बहुतेक प्रवासी न्याहारीत गुंतलेले असतात आणि शिडीचा खेळ हुकतो.

६. मुठीचा हिशेब

मार्जरी हिमनदीचा पाण्यावरचा कडा सुमारे ७५ मीटर उंच आहे आणि रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास. तो किती मोठा दिसेल हे घरबसल्या बघता येतं. हात समोर ताठ धरून मूठ वळा. कड्यापासून ४०० मीटरवर असाल तर त्याची उंची साधारण त्या मुठीएवढी दिसते. ८०० मीटरवर तीन बोटांएवढी. दीड किलोमीटरवर जेमतेम दीड बोट.

आता गंमत अशी, की छोटी बोट नेहमीच जास्त जवळ जाते हा गैरसमज आहे. कडा कधी कोसळेल याचा नेम नसल्याने शहाणे बोटवालेही साधारण ४०० मीटरचं अंतर राखतात. पाणी मोकळं असेल तर ग्लेशियर बेमध्ये मोठं जहाजही जवळपास तेवढ्याच अंतरावर जाऊन उभं राहतं. मूठ दोघांची सारखीच. मग फरक कशात? पुढे वाचा.

७. वरच्या डेकवरून नदी, बोटीतून भिंत

क्रूझच्या वरच्या डेकवर उभं राहिलं की डोळे पाण्यापासून चाळीसेक मीटर वर असतात. तिथून कड्याच्या मागे डोंगरात वळत गेलेली हिमनदी दिसते. तिच्या अंगावरचे काळे पट्टे दिसतात. दोन हिमनद्या मिळाल्या की त्यांच्या कडेचे दगडगोटे मधे येऊन हा पट्टा तयार होतो. पट्टे मोजा, किती उपनद्या मिळाल्या याचा अंदाज येतो. बोटीतून यातलं काही दिसत नाही. समोर एक निळसर भिंत दिसते, बस्स. नदी आहे हे जहाजावर कळतं. ती केवढी आहे हे मात्र बोटीत कळतं, कारण बोटीत आपण स्वतः पाण्यालगत असतो.

८. बाल्कनी उजवीकडची की डावीकडची?

या प्रश्नावर लोक महिनोन्‌महिने डोकं खातात. उत्तर सोपं आहे. कड्यासमोर पोचलं की कप्तान बाजूला जोर देणाऱ्या यंत्रांनी तीनशे मीटर लांबीचं जहाज जागच्या जागी सावकाश पूर्ण फिरवतो. तासाभराच्या मुक्कामात दोन्ही बाजूंना दर्शन होतं. ज्यांनी आतली, बिनखिडकीची खोली घेतली असेल त्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. उघडा डेक सगळ्यांचा असतो आणि तिथून चारही दिशा दिसतात.

हॉलंड अमेरिका कंपनीच्या जहाजांवर या वेळी डेकवर वाटाण्याच्या डाळीचं गरम सूप वाटायची जुनी पद्धत आहे. डच परंपरेत त्या सुपात मांस पडतं. शाकाहाऱ्यांनी कप हातात घेण्याआधी विचारून घ्यावं.

९. आवाज ऐकून वळलात तर काय दिसेल?

हे गणित बोटवाल्यांच्या बाजूचं. थंड हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३५ मीटर जातो. ७० मीटर उंचीवरून सुटलेला बर्फाचा तुकडा पाण्यात पडायला पावणेचार सेकंद घेतो. तुम्ही ४०० मीटरवर असाल तर ‘कडाड्’ कानावर येतं सव्वा सेकंदाने. तुकडा अजून हवेत असतो, वळून बघायला वेळ आहे. पण दीड किलोमीटरवर असाल तर आवाज साडेचार सेकंदांनी येतो. तोवर खेळ खलास, उरतो तो पाण्याचा फवारा.

म्हणून लांब उभ्या राहिलेल्या जहाजावर कानांवर विसंबू नये. नजर कड्यावरच ठेवावी. बारीक चुरा घसरायला लागला, एकाच जागेहून पुन्हा पुन्हा खडे पडायला लागले, की त्या भागावरून डोळे हलवू नयेत. मोबाइलचं चित्रीकरणही आवाज आल्यावर नाही, आधी सुरू करायचं.

१०. इंजिन बंद झालं की बर्फ बोलतो

आता एक गोष्ट, जी क्रूझच्या वरच्या डेकवर सहसा ऐकूच येत नाही. बोटीचा चालक हिमनगांच्या गर्दीत इंजिन बंद करतो, सगळ्यांना गप्प बसायला सांगतो आणि चारही बाजूंनी तडतड ऐकू येऊ लागते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. बर्फ बनताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि वरच्या ओझ्याने दाबले जातात. बर्फ वितळला की एकेक बुडबुडा फटकन सुटतो. शेकडो वर्षांपूर्वीची हवा आपल्या कानाशी मोकळी होते.

पाण्याखाली तर याचा कल्लोळ असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अलास्कातल्या आइसी बेसारख्या ठिकाणी पाण्यात ध्वनिग्राहक सोडले. हिमनद्यांच्या चिंचोळ्या खाड्या समुद्रातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागांमध्ये मोडतात असं त्यातून निघालं, आणि त्याचं मुख्य कारण हेच बुडबुडे. सीलना हा गोंगाट सोयीचा पडत असावा, कारण त्यात शिकारी ओर्का देवमाशांना त्यांचा माग लागणं अवघड होतं, असाही तर्क संशोधक मांडतात.

काही बोटींवर खलाशी जाळीने बर्फाचा एक तुकडा वर ओढून घेतात. हात लावून बघा, काचेसारखा पारदर्शक आणि जड. खाऱ्या समुद्रात तरंगत असला तरी तो गोड्या पाण्याचा असतो. प्रिन्स विल्यम साउंड या अलास्कातल्या समुद्रभागातल्या बोटींवर तो पेल्यात टाकून पेय देतात, आणि पेला कानाशी धरला की तीच तडतड.

११. ढग आले? उत्तम!

आग्नेय अलास्का पावसाचा प्रदेश आहे. ढग बघून तोंड पाडू नका. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा बाहेर सोडतो. कडक उन्हात पृष्ठभागाच्या पांढऱ्या चकाकीत तो निळा हरवतो, ढगाळ हवेत उठून दिसतो. सर्वांत गडद निळा दिसतो ताज्या तुटलेल्या जागी. एखादा हिमनग नखशिखांत निळा असेल तर तो नुकताच तुटला आहे किंवा उलटला आहे असं समजावं. हिमनगाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. वितळून तोल गेला की तो बिनसूचना कोलांटी खातो. बोटवाले मोठ्या हिमनगापासून लांब राहतात ते याचसाठी.

१२. सीलबाईंच्या बाळंतपणाची सुट्टी

मार्जरीच्या शेजारच्या फाट्यात जॉन्स हॉपकिन्स नावाची देखणी हिमनदी आहे. तिच्यासमोर तरंगणाऱ्या बर्फावर सील पिल्लांना जन्म देतात. बर्फावर त्यांना शत्रूंपासून थोडी सुरक्षितता मिळते. जवळ जहाज आलं की आई घाबरून पाण्यात उडी मारते आणि पिल्लाची ताटातूट होते. म्हणून १ मे ते ३१ ऑगस्ट क्रूझ जहाजांना त्या फाट्यात मज्जाव असतो. सप्टेंबरात जाणाऱ्यांचं नशीब फळफळतं. एरवी फाट्याच्या तोंडावरून डोकावायचं आणि पुढे जायचं.

पक्षी बघायचे असतील तर मार्जरीचा कडा कोसळण्याची वाट बघा. किटिवेक नावाचे करडे-पांढरे कुरव पक्षी जवळच्या खडकांवर हजारोंनी राहतात. बर्फ पडून पाणी घुसळलं की खालचे मासे आणि झिंग्यासारखे जीव वर येतात आणि पक्ष्यांचा थवा तिथे झेपावतो. डेकवरून ते ठिपके वाटतात. त्यांच्यामुळेच एकदम कळतं की कडा केवढा उंच आहे. झाड नाही, घर नाही, माणूस नाही, त्यामुळे तोवर डोळ्याला मापच सापडत नसतं.

१३. इथे जहाजालाच पर्याय नाही: हबर्ड

हबर्ड हिमनदी १२० किलोमीटरहून लांब आहे आणि समुद्राशी तिचं तोंड दहा किलोमीटरच्या आसपास रुंद. उत्तर अमेरिकेतली समुद्राला भिडणारी ही सर्वांत मोठी हिमनदी. जवळचं गाव याकुटाट, आणि तिथे बाहेरून रस्त्याने जाता येत नाही. त्यामुळे बहुतेकांना तिची भेट क्रूझवरूनच घडते. एवढा रुंद कडा एका नजरेत मावायला उंची आणि अंतर हवंच. हा सामना जहाज जिंकतं.

आणखी एक. आसपासच्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना हबर्ड १८९५ च्या सुमारापासून पुढे सरकते आहे. १९८६ साली तिने शेजारच्या रसेल फियॉर्ड या चिंचोळ्या खाडीचं तोंडच बंद केलं. आत अडकलेल्या पाण्याची पातळी सुमारे २५ मीटर चढली, सील आणि डॉल्फिनसारखे पॉर्पॉइज आत अडकले आणि ऑक्टोबरात बर्फाचा बांध फुटला. २००२ मध्ये पुन्हा तोच प्रकार. हबर्ड नाव आहे नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या पहिल्या अध्यक्षांचं. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल हे त्यांचे जावई.

१४. दोन्ही डगरींवर हात: एंडिकॉट आर्म

जूनोच्या दक्षिणेला एंडिकॉट आर्म नावाची चिंचोळी खाडी आहे. तिच्या टोकाला डॉज हिमनदी. बर्फाची गर्दी असेल तर मोठं जहाज काही किलोमीटर अलीकडेच थांबतं. तिथे एक नामी सोय असते. कॅटामरान थेट क्रूझला येऊन लागते, पैसे भरलेले प्रवासी जहाजाच्या दारातून तिच्यात उतरतात आणि बर्फातून वाट काढत पार हिमनदीपाशी जाऊन येतात. वरच्यांना मुठीऐवजी जेमतेम बोटाएवढा कडा दिसत असतो, तेव्हा खालच्यांना पुरी मूठ. या फेरीची तिकिटं लवकर संपतात.

याच खाडीला ‘फोर्ड्‌स टेरर’ नावाचा फाटा आहे. १८८९ साली फोर्ड नावाचा अमेरिकी नौदलातला माणूस छोट्या होडीतून आत शिरला आणि भरती-ओहोटीच्या धारेत सहा तास अडकला. नाव त्याच्या घाबरगुंडीवरून पडलं. माणूस विसरला गेला, भीती नकाशावर राहिली.

१५. बोगदा चुकला की बोट चुकली

अँकरेजहून दिवसाच्या बोटीने हिमनद्या बघायला जायचं ते व्हिटियर बंदर. तिथे जायला चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे. त्यातूनच रेल्वे जाते, त्यातूनच गाड्या, आणि त्याही एका वेळी एकाच दिशेने. गाड्यांसाठी तो २००० साली खुला झाला. आपल्या दिशेची पाळी हुकली की पुढच्या पाळीपर्यंत रांगेत बसा आणि बोटीला लांबून टाटा करा. व्हिटियर गावही अजब आहे. बहुतेक सगळं गाव चौदा मजल्यांच्या एकाच इमारतीत राहतं.

इथून जवळच कॉलेज फियॉर्ड. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेने इथल्या हिमनद्यांना अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांची नावं दिली. एका बाजूला स्मिथ, ब्रिन मॉर, व्हासार, वेलस्ली ही मुलींची कॉलेजं, टोकाला हार्वर्ड आणि येल. प्रिन्स्टनला मुद्दाम वगळलं असं गमतीने सांगतात.

१६. बोट लागणाऱ्यांसाठी

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी हे नीट वाचावं. ग्लेशियर बे, एंडिकॉट आर्म, व्हिटियरचा बराचसा भाग हे डोंगरांनी वेढलेलं शांत पाणी आहे. तिथे सहसा त्रास होत नाही. सिवर्ड बंदरातून निघणाऱ्या केनाई फियॉर्ड्‌सच्या बोटी मात्र वाटेत अलास्काच्या आखाताच्या खुल्या लाटा अंगावर घेतात. त्या फेरीला पफिन पक्षी दिसतात, देवमासे दिसतात, आयलिक हिमनदी दिसते आणि पोटातलं जेवणही परत दिसू शकतं. गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तीनशे मीटरचं जहाज यात निर्विवाद सुखाचं.

१७. हिमनगाने घडवलेली तेलगळती

प्रिन्स विल्यम साउंडमधली कोलंबिया हिमनदी १९८० च्या सुमारास मागे हटू लागली आणि आतापर्यंत २० किलोमीटरहून जास्त आक्रसली. या काळात तिने समुद्रात बेसुमार हिमनग सोडले. १९८९ च्या २३ मार्चच्या रात्री ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज हेच हिमनग टाळायला ठरलेला मार्ग सोडून बाजूला गेलं आणि वेळेवर परत न वळल्याने मध्यरात्रीनंतर ब्लाय रीफवर चढलं. चार कोटी लिटरहून जास्त तेल पाण्यात गेलं. मोठं जहाज म्हणजे सुरक्षित, असं म्हणताना हा दाखला लक्षात असावा. मोठ्याला वळायला जागाही मोठी लागते.

१८. आणि कधीकधी डोंगरच येतो

बर्फ हटला की त्याच्या आधाराने उभे असलेले डोंगरउतार निराधार होतात. १० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे ट्रेसी आर्म खाडीत साउथ सॉयर हिमनदीपाशी दरड कोसळली आणि उसळलेलं पाणी समोरच्या उतारावर ४०० मीटरहून वर चढलं. पहाट असल्याने जवळ पर्यटक नव्हते आणि जीव कुणाचा गेला नाही. त्यानंतर काही क्रूझ कंपन्यांनी आपला मार्ग शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे वळवला.

याहून मोठी लाट ९ जुलै १९५८ ची, लिटुया खाडीतली. भूकंपाने दरड पडली आणि पाणी ५२४ मीटर उंचीपर्यंतची झाडं सोलून गेलं. खाडीत तेव्हा तीन छोट्या बोटी होत्या. एक बुडाली आणि तिच्यातले दोघे गेले. एक लाटेने उचलून वाळूच्या दांड्यापलीकडे समुद्रात टाकली, माणसं वाचली. तिसरीत बाप-लेक होते. ते लाटेवर चढले आणि उतरले.

१९. चंद्रपूरकरांनो, तुमच्याकडेही होती!

महाराष्ट्रात हिमनदी? होय, आणि तीही उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चंद्रपुरात. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन या महाखंडात होता आणि इथे बर्फाचं राज्य होतं. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे सापडले. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद केली. तसेच ओरखडे ग्लेशियर बेच्या काठच्या उघड्या पडलेल्या खडकांवर आज ताजे दिसतात.

२०. मग कोणी काय घ्यावं?

सिएटलला मुलांकडे आलेले आई-बाबा असतील, गुडघे कुरकुरत असतील, बाळ कडेवर असेल, तर क्रूझ. खोली जवळ, बाथरूम जवळ, गरम चहा जवळ आणि दिवसभराचा वेळ हाताशी. पण सिएटलहून सुटणारी परदेशी झेंड्याची जहाजं अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घेतात, बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसाही लागतो, हे तिकिटाआधी बघावं. नाहीतर धक्क्यावरच सहल संपते.

दोन-तीनच दिवस हाताशी असतील, क्रूझचा आठवडा नको असेल, तर व्हिटियर, सिवर्ड किंवा बार्टलेट कोव्हची दिवसाची बोट. बार्टलेट कोव्हची बोट आठेक तासांत दोनशे किलोमीटर फिरवते आणि वाटेत कयाकवाल्यांना किनाऱ्यावर सोडत-घेत जाते.

दोन्ही परवडत असेल तर क्रम असा ठेवा: आधी जहाज, मग बोट. जहाजावरून हिमनदी कुठून आली, कुठे वळली, किती पसरली ते कळतं. मग बोटीत बसलं की तोच बर्फ ऐकायला मिळतो, हाताला लागतो. उलट केलंत तर बोटीनंतर बाल्कनी सपक वाटायची शक्यता दाट.

आणि एकच निवडायचं असेल तर अंतर विचारू नका, ते बहुतेकदा दोघांचं सारखंच निघतं. स्वतःला विचारा, डोळे तृप्त करायचेत की कान? डोळ्यांसाठी जहाज, कानांसाठी बोट. कानटोपी मात्र दोन्हीकडे न्या. बोटीत इंजिन बंद झाल्यावर ती क्षणभर वर सरकवायला विसरू नका!